मानसशास्त्राची पदवी : मोल आणि ऋण



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातील एका सायंकाळी आमच्याच शाळेतून दहावी होऊन पुढे उच्च माध्यमिक विद्यालयात गेलेली एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह माझ्या घरी आली. बारावीत तिला उत्तम गुण मिळाले होते. मानसशास्त्र हा विषय घेऊन बी. ए. व्हावयाचे, असा तिचा निश्चय होता. आणि त्यासाठी गोव्याबाहेरील एका खाजगी विद्यापीठात तिला प्रवेशही मिळाला होता. हातात त्या विद्यापीठाची गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत पुस्तिका होती. वडिलांचे लहानसे कुळागर आहे. थोड्या पोफळी, थोडे माड आणि दुधाची दोन जनावरे, एवढ्यावर संसार चालतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी आमच्या कोंकणीत एकच प्रश्न विचारला, "सर, रीण काडूं काय नाका?" कर्ज काढू की नको?

या प्रश्नाचे उत्तर त्या सायंकाळी मला चटकन देता आले नाही. पुढे चार दिवस कागद-पेन्सिल घेऊन मी हिशेब मांडला, दोन बँकांत जाऊन आलो, आणि मगच माझे मत त्यांना सांगितले. तोच प्रश्न आता अनेक घरांत विचारला जात आहे. कोणाला मानसशास्त्र हवे असते, कोणाला पत्रकारिता, कोणाला व्यवस्थापन. परंतु प्रश्नाचे स्वरूप एकच. म्हणून तो हिशेब शाळेच्या वार्षिकांकातून सर्वांपुढे ठेवावा असे वाटले.

प्रथम त्या विषयाची थोरवी मान्य केली पाहिजे. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्हणजे हा विषय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. तरीही त्याची खरी निकड समाजाला अलीकडेच जाणवू लागली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात देशातील प्रौढांपैकी सुमारे शेकडा १०.६ लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि निरनिराळ्या विकारांनी पीडित असलेल्यांपैकी शेकडा ७० ते ९२ लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. आकडे वाचून मन विषण्ण होते. असे असता एखादी मुलगी म्हणते, "मला हे शिकावयाचे आहे," तेव्हा शिक्षकाने आनंदच मानावा.

परंतु समाजाची गरज आणि पगाराची जागा या दोन गोष्टी एक नव्हेत. गावात वैद्याची गरज असली म्हणजे वैद्याला वेतन देणारा कोणीतरी असतोच असे नाही. शाळाशाळांतून समुपदेशक हवेत हे कोणीही कबूल करील. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एका प्रकरणाच्या निकालात असे सांगितले की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस या दूरध्वनी सेवेतही प्रशिक्षित समुपदेशक लागतात. ही चिन्हे शुभ आहेत. तथापि आदेश निघणे, पद मंजूर होणे, त्यासाठी पैसा मिळणे आणि ते पद कायम होणे, या चार पायऱ्यांमध्ये किती वर्षे जातात, हे शिक्षकाच्या पेशातील माणसाला सांगावयास नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि पुस्तिकेतील रंगीत पानांवर ती मला कोठे आढळली नाही. नुसत्या बी. ए. पदवीने कोणीही मानसोपचार करण्यास पात्र होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्याला आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, त्याची व्याख्या केली आहे. पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल., रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणासह, असा मार्ग त्यात सांगितला आहे. तीन वर्षे बी. ए., दोन वर्षे एम. ए. आणि दोन वर्षे हे प्रशिक्षण, अशी एकूण सात वर्षे होतात. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी मुक्कामी पोहोचते ती पंचविसाव्या वर्षी, तीही मध्ये कोठे वर्ष न गमावता. त्यातही आता बदल होत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम. फिल. ही पदवीच बंद केली. या शाखेसाठी प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली होती, आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून कोणताही अभ्यासक्रम निवडताना त्याला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे स्वतः पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. घरबसल्या, पत्राद्वारे वा दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्राची पदवी घेऊ असे कोणी मनात आणीत असेल, तर तोही मार्ग राहिलेला नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून आयोगाने त्या पद्धतीने या विषयाचे नवे प्रवेश थांबविले आहेत.

मग बी. ए. झालेल्या पदवीधराला काम मिळतच नाही काय? मिळते. कंपनीच्या मनुष्यबळ विभागात, बँकेत, हॉटेलच्या कचेरीत, विशेष मुलांच्या शाळेत साहाय्यक म्हणून, एखाद्या सेवाभावी संस्थेत, अशा ठिकाणी त्याला प्रवेश मिळतो. स्पर्धापरीक्षांची दारे सर्व पदवीधरांप्रमाणे त्यालाही मोकळी असतात, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय घेता येतो. परंतु यांपैकी बहुतेक कामे इतिहासाच्या, मराठीच्या वा अर्थशास्त्राच्या पदवीधरालाही मिळतात. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे कलाशाखेची पदवी घेऊन अशा नोकऱ्यांत गेले, त्यांनी मला सांगितलेला पहिला पगार महिना पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान होता. हा काही शासकीय अहवाल नव्हे. एका शिक्षकाला त्याच्या मुलांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट आहे. हिशेबासाठी आपण अठरा हजार धरू.

आता कर्जाची बाजू. त्या विद्यापीठाचा तीन वर्षांचा शिक्षण, वसतिगृह व भोजन असा सर्व खर्च नऊ लाखांच्या घरात जात होता. तीन लाख घरचे घालावयाचे आणि सहा लाख बँकेकडून घ्यावयाचे, असे ठरत होते. घरचे तीन लाख म्हणजे काय, हे वडिलांनी सांगितले नाही. मुलीने खाली मान घालून सांगितले. आईच्या पाटल्या आणि आजीचा हार.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाचा सर्वसाधारण नमुना असा आहे : चार लाखांपर्यंत तारण वा त्रयस्थाचा जामीन मागितला जात नाही, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थाचा जामीन लागू शकतो, आणि त्याही पुढे मालमत्ता तारण ठेवावी लागते. पालक मात्र प्रत्येक वेळी सहकर्जदार असतो. म्हणजे हप्ता थकला तर नाव केवळ मुलीचे नव्हे, वडिलांचेही खराब होते. शिक्षणाची वर्षे आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पुष्कळांना वाटते की, या काळात व्याजही लागत नाही. हा मोठा गैरसमज आहे. व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. ते फक्त मागितले जात नाही.

सोयीसाठी व्याजाचा दर शेकडा दहा धरू. दर वर्षाच्या आरंभी दोन लाख याप्रमाणे तीन वेळा रक्कम उचलली, तर पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचे सरळव्याज ८०,००० रुपये, दुसऱ्या दोन लाखांवर तीन वर्षांचे ६०,००० आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे ४०,००० रुपये होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी सहा लाखांचे सात लाख ऐंशी हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर हप्ता महिना सुमारे १०,३०० रुपये पडतो, आणि एकूण फेड १२ लाख ३७ हजारांच्या आसपास जाते. हप्ता जड वाटतो म्हणून मुदत पंधरा वर्षे करून घेतली तर तो ८,४०० च्या खाली येतो खरा, परंतु एकूण फेड पंधरा लाखांच्या वर जाते. घरातून घातलेले तीन लाख यांत धरलेलेच नाहीत.

अठरा हजारांतून दहा हजार तीनशे वजा केले की सात हजार सातशे उरतात. पणजीत किंवा पुण्यात एका खोलीचे भाडे, खाणावळ आणि येण्याजाण्याचा खर्च एवढ्यात भागवून दाखवील असा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. आणि या मुलीला तर पुढे एम. ए. करावयाचे होते! पहिल्या कर्जाचे ओझे डोक्यावर असताना दुसरे कर्ज देण्यापूर्वी कोणती बँक विचार करणार नाही, आणि कोणता बाप?

येथे काही माझे स्वतःचे सांगतो. बी. ए. ला मानसशास्त्र हा माझा दुय्यम विषय होता, आणि त्याची मला मनापासून गोडी होती. बी. एड. साठी मी अडीच लाखांचे कर्ज काढले. आकडा मोठा नव्हता. परंतु शिक्षण संपले त्याच उन्हाळ्यात वडील आजारी पडले, आणि मानसशास्त्राच्या एम. ए. ला मिळालेली जागा सोडून मला हाताला लागेल ती नोकरी धरावी लागली. सात वर्षे हप्ते भरले. शेवटचा हप्ता भरून बँकेतून बाहेर पडलो तेव्हा माझे वय बत्तीस होते. घर होते, लहान मूल होते, आणि पुन्हा वर्गात जाऊन बसण्याची उमेद उरली नव्हती. शिक्षकी पेशाबद्दल मला खंत नाही. तुम्हां मुलांमध्ये माझे दिवस आनंदात जातात. पण व्याजाच्या पासबुकात न दिसणारी एक रक्कम मी भरली, ती ही. कर्ज माणसाला धीर धरू देत नाही. ज्या विषयात सात वर्षे धीर धरावा लागतो, त्याच्या पहिल्याच पायरीवर कर्ज काढणे म्हणूनच मला अधिक धोक्याचे वाटते.

अमेरिकेतील अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे दर वर्षी एक लाखाहून अधिक विद्यार्थी मानसशास्त्राची पहिली पदवी घेतात. परंतु मानसशास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्र व्यवसाय करण्याचा परवाना बहुधा डॉक्टरेट झाल्यावाचून मिळत नाही. त्या देशातील शैक्षणिक कर्जाचा एकूण बोजा १.६ लाख कोटी डॉलरांच्याही वर गेला आहे. मात्र तेथे एक चांगली गोष्ट झाली. २०१५ पासून तेथील शासनाने कॉलेज स्कोअरकार्ड नावाची नोंद सर्वांना खुली केली. कोणत्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांवर साधारण किती कर्ज असते आणि पुढे त्यांची कमाई किती होते, हे त्यात पाहता येते, आणि पुढे ते विषयवारही पाहता येऊ लागले. आपल्याकडे पालकाच्या हाती येते ती पुस्तिका, आणि तीत हसऱ्या मुलांची चित्रे. "सर्वाधिक पगार" म्हणून एक आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो एका मुलाचा असतो. उरलेल्या एकोणसाठांचे काय झाले, हे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो. तो वाटू नये.

माझ्या या मतावर तीन आक्षेप घेतले जातील, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला आक्षेप असा की, विद्या पैशांच्या तराजूत तोलू नये. मला हे मान्य आहे. परंतु आपण विद्या तोलीत नसून एका विशिष्ट जागेची किंमत तोलीत आहोत. मन म्हणजे काय, स्मृती कशी चालते, भय कोठून येते, हे अनुदानित महाविद्यालयाच्या साध्या बाकावर बसूनही शिकता येते. दुसरा आक्षेप असा की, घराबाहेर पडल्याने, विशेषतः मुलींना, जे जग दिसते त्याचे मोल कसे करणार? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मुलीने बाहेर पडावे, अवश्य पडावे. पण तिने तीन वर्षांनी पदव्युत्तर शिक्षणासाठी, निश्चित दिशा घेऊन बाहेर पडणे आणि अठराव्या वर्षी आईच्या पाटल्या गहाण टाकून पडणे, यांत अंतर आहे. तिसरा आक्षेप असा की, गरिबांच्या मुलांनी मोठी स्वप्ने पाहूच नयेत काय? उलट, स्वप्न मोठे असेल तर शिदोरी शेवटपर्यंत पुरली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. ऋण काढून सण करू नये असे आपले पूर्वज म्हणत. त्यांनी बी-बियाण्यासाठीही ऋण काढू नये असे म्हटलेले नाही. प्रश्न आहे तो हे कर्ज सण आहे की बियाणे, हे ओळखण्याचा.

त्या मुलीपुढे मी जो दुसरा मार्ग ठेवला तो असा. बी. ए. गोव्यातच, घरून जाऊन-येऊन करावे. फी, पुस्तके आणि कदंबा बसचा पास मिळून वर्षाला तीस हजार धरले तरी तीन वर्षांत नव्वद हजार होतात. तेवढे कुळागर पेलू शकते. या तीन वर्षांत विषयाची गोडी खरी आहे की वयाची, तेही कळेल. मग एम. ए. साठी, लागल्यास, दोन लाखांचे कर्ज काढावे. वरच्याच हिशेबाने पहिला हप्ता भरावयाच्या वेळी ते अडीच लाख होईल, आणि पाच वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे ५,३०० रुपये पडेल. एवढा हप्ता भरणारी मुलगी पुढील प्रशिक्षणाचा विचार करू शकते. शिष्यवृत्त्या पाहाव्या. गोवा शासनाच्या शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिच्या अटी कार्यालयात जाऊन समजून घ्याव्या. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात शेकडा तीनची सवलत आहे. परंतु आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशापूर्वी पाहावयाचे, नंतर नव्हे.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. १९९६ साली आपल्या गोव्यातच स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने असे दाखवून दिले आहे की, नैराश्याने ग्रासलेल्या माणसांना योग्य प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्तेही मोठे साहाय्य करू शकतात. तिचे हे संशोधन लॅन्सेटसारख्या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. बांबोळीला मनोरुग्णालय आहे. ज्याला माणसांच्या मनाजवळ जावयाचे आहे, त्याला प्रारंभ करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, मानसशास्त्र घेऊ नका किंवा कर्ज काढूच नका. सही करण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा, एवढेच मी सांगतो. या पदवीने मला कोणते काम करण्याचा अधिकार मिळतो, आणि कोणते काम करण्याचा मिळत नाही? गेल्या वर्षी याच वर्गातून बाहेर पडलेल्या पाच जणांना पहिला पगार किती मिळाला? पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी माझे कर्ज किती झालेले असेल? आणि घरात कोणी आजारी पडले, तर हा हप्ता कोण भरील? चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना हात अडखळला, तर रक्कम कमी करा किंवा मार्ग बदला. पालकांनीही हे प्रश्न मुलांसमोर बसून सोडवावे. मुलांपासून घरची परिस्थिती लपविण्यात आपण त्यांच्यावर माया करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्यांना अंधारात सही करावयास लावतो.

त्या मुलीला माझा सल्ला आवडला नाही. वडिलांनी तो मानला, आणि काही महिने ती मला रस्त्यात भेटली तरी नुसती मान हलवून पुढे जात असे. गेल्या चतुर्थीला मात्र ती घरी आली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. स्मरणशक्तीवरचे प्रयोग ती आपल्या आजीवर करून पाहते, आणि आजी तिला हटकून हरवते, असे हसत सांगत होती. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "सर, त्या कॉलेजची आठवण झाली की अजून वाईट वाटते."

मी तिची समजूत घातली नाही. वाटणारच. पण आईच्या पाटल्या आईच्या हातात आहेत, आणि एम. ए. ला कोठे जावयाचे याची यादी ती आतापासून करते आहे. ती यादी घेऊन पुन्हा ये, आपण हिशेब मांडू, असे मी तिला सांगितले आहे. तुम्हांपैकी ज्यांना असा हिशेब मांडावयाचा असेल, त्यांच्यासाठीही माझ्या घराचे दार उघडे आहे. येताना पुस्तिका आणा. आणि शक्य झाल्यास आईवडिलांना बरोबर घेऊन या.